आत्याचा मान

शुक्रवारी दुपारी ववाउ बेटावरच्या नेइआफू बंदराच्या धक्क्यावरून केपूचा ट्रक अंगणात शिरला, तेव्हा त्याच्या आईनं, सेलूनं, हातातलं काम टाकून देवाचं नाव घेतलं. ट्रकभर सिपी होती. ऑकलंडहून बर्फात गोठून आलेलं मेंढीच्या पोटाकडचं मांस, म्हणजे मांस नावाला आणि चरबी बोटबोट. त्यावर डबाबंद मांसाचे खोके, त्यावर पांढऱ्या पावांच्या पिशव्या. लेकाचा पहिला वाढदिवस एकदाच येतो, तो वाजतगाजत करायचा, म्हणून केपूनं तिकडच्या मांसाच्या कारखान्यात पाळ्यांवर पाळ्या केल्या होत्या. बायको मालिया आणि बाळ वीली आठवडाभर आधीच येऊन राहिले होते. आता पेट्याही आल्या. लेक आपलं प्रेम असं पेट्या भरभरून पाठवतो म्हटल्यावर कुठली आई नको म्हणेल?

थोरली लेक लेसिएली मात्र ओसरीवर अळकुड्या सोलत बसली होती, ती उठलीसुद्धा नाही.

"तोंड बघा हिचं," सेलू म्हणाली. "भावानं एवढं आणलं आणि ही बसलीय मयताला आल्यासारखी."

"आई, ईस्टरच्या जेवणानंतर बाबा दोन दिवस उठले नव्हते. विसरलीस?"

"हळू बोल."

"हळूच बोलतेय. पाय कसा आहे?"

सेलूनं ट्रककडे पाहिलं, मग आत पाहिलं. "मला दाखवतात कुठं? कसला तरी पाला बांधतात, वर चिंधी. वास येतो पण आता."

झालं होतं असं, की बाबांच्या, म्हणजे तानिएलाच्या, उजव्या तळपायात समुद्राकाठी प्रवाळाचा तुकडा घुसला होता. साखरेच्या माणसाची जखम ती, भरेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, साखर उतरली नाही तर पाय घोट्यापासून जाईल. तानिएला तेवढा एकदा दवाखान्यात गेला आणि पुन्हा म्हणून फिरकला नाही. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. दवाखान्यात साखरवाल्यांच्या टेबलाशी नर्स म्हणून त्याची स्वतःची लेक बसते. बापानं लेकीपुढे पाय उघडा टाकायचा आणि तिनं त्याला काय खा, काय खाऊ नको ते सांगायचं? ववाउ बेटावर अशी गोष्ट आजवर कोणी केली नव्हती. इथं बापाच्या ताटातलं मूल खात नाही, बापाच्या डोक्याला हात लावत नाही, आणि बाप काय जेवतो यावर चकार शब्द काढत नाही. लेसिएली गावातल्या निम्म्या लोकांना दटावून दटावून सरळ करत असे. घरी मात्र तिचं तोंड शिवलेलं.

"तू सांग ना त्यांना. बायको आहेस."

"सांगितलं की. म्हणाले, लोकांसमोर मी पाला खात बसू? आणि खरं सांगू का, मलाही पटत नाही. पाद्री येणार, गावचे मोठे लोक येणार. पानावर सिपी नाही, डबे नाहीत, तर लोक म्हणतील काय? मुलगा परदेशात आणि घरात उकडलेले कंद."

"त्याच कंदांवर तुझा बाप नव्वदीपर्यंत होडी वल्हवत होता."

"तेव्हा दुसरं मिळत नव्हतं म्हणून."

"मिळत नव्हतं म्हणूनच पाय शाबूत राहिले. आई, कोनफळाची साखर अंगात सावकाश चढते. पावाची एकदम उसळते. अळूच्या पानात रक्त वाढवायची ताकद आहे, मासा आहे, शेवाळ आहे. सगळं दाराशी उगवतं. बाबा स्वतः पिकवतात, आणि चांगली चांगली कोनफळं सरदाराला नि पाद्र्याला देऊन टाकतात. घरी काय खातात? पाव आणि डबा."

"व्याख्यान दवाखान्यात दे," सेलू म्हणाली आणि पेट्या मोजायला निघून गेली.

लुसेआने आत्या आली ती तासाभरानं. तानिएलाची थोरली बहीण. सत्तरी ओलांडलेली, ताठ, इथल्या रीतीप्रमाणे कमरेला जुनी मऊ झालेली चटई गुंडाळलेली. ती फाटकातून आत आली तशी पोरंसोरं बाजूला झाली आणि तानिएला, जो ओट्यावर बसला होता, तो चटकन उठून मागल्या दारानं परसात गेला. बहीण आली की भावानं वाट द्यायची, आणि ती जवळ असेल तर मोठ्यानं हसायचं-बोलायचं नाही. आत्यानं त्याच्याकडे पाहिल्यासारखंही केलं नाही. ती सरळ पेट्यांपाशी गेली आणि एकीवर थाप मारली.

"यातल्या माझ्या किती?"

सेलू लगबगीनं पुढे झाली. "तुम्ही म्हणाल तितक्या, वन्सं."

लेसिएलीनं आत्याला नीरफणसाच्या झाडामागं नेलं. तिला वाटत होतं, अख्ख्या घरात एकच माणूस आहे ज्याच्यापुढे बाबांची मान वर होत नाही.

"आत्या, तुम्ही बोला बाबांशी. उद्या जेवताना तेवढं सिपी नको म्हणावं. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत."

"कशाबद्दल बोलू?"

"पायाबद्दल."

आत्याच्या हातातला पंखा थांबला. "अगं ए शहाणे. त्याला मिसरूड फुटलं तेव्हापासून आम्ही एका छपराखाली झोपलो नाही. तो काय नेसतो, कसा जेवतो, कुठं दुखतंय, मी कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही. आई गेली तेव्हासुद्धा आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत रडलो. आणि आता म्हातारपणी जाऊन त्याला विचारू, पाय दाखव रे?"

"मग जाऊ दे पाय?"

"जीभ आवर." थोडा वेळ ती पंखा हलवत राहिली. "मी बोलले तर त्याला लाजेनं गाव सोडावं लागेल. पायापेक्षा ते वाईट. आणि हो, माझ्या पेट्या वेगळ्या काढायला सांग तुझ्या आईला. माझा मान आहे तो."

लेसिएलीला त्या क्षणी आत्याचा मनापासून राग आला. एवढं सगळं ऐकून बाईचा जीव शेवटी पेट्यांतच.

संध्याकाळची प्रार्थना झाली आणि सगळे अंगणात चटयांवर बसले. घरातर्फे बोलायचं काम हाला काकांचं. त्यांनी गळा साफ करून पेट्यांचं कौतुक केलं, केपूचं केलं, बोटीचं केलं, बोट ज्या समुद्रावरून आली त्याचंही केलं. मग ते म्हणाले, "आता बाळाच्या आत्याला विचारा."

बाळाची आत्या म्हणजे लेसिएली. भावाच्या मुलाच्या समारंभात तिच्यावर कोणी नाही. ती सगळ्यांच्या वर बसते, ती ज्याला हात लावेल ते तिचं, आणि नाही म्हणायची कोणाची प्राज्ञा नाही. उलट ती जितकं जास्त उचलेल तितकं भावाचं नाव मोठं. पण लेसिएलीचा स्वभाव पडला संकोची. आजवर चुलतभावांच्या पोरांच्या वेळी तिनं एखादी चटई आणि केकचा तुकडा घेतला आणि गप घरी गेली. बायका तिला हसत. हिला आत्या कोणी केलं, म्हणत.

केपू तिच्याकडे अर्धी पाठ करून बसला होता, तशीच रीत होती. तो बायकोला म्हणाला, "मालिया, तुझ्या नणंदेला विचार, उद्यासाठी त्यांना काय काय हवंय."

मालिया बाळाला मांडीवर सावरत वळली. "वन्सं, हे विचारतायत, तुम्हाला काय हवं?"

लेसिएली नेहमीसारखं "काही नको" म्हणणार होती. शब्द अगदी ओठांवर आला होता. समोर बाबा बसले होते, कमरेची चटई पायावर ओढून. आणि तिच्या डोक्यात लख्ख पडलं, की लेक म्हणून तिला या अंगणात तोंड नाही, पण आत्या म्हणून आहे.

"सिपी," ती म्हणाली.

"किती पेट्या?"

"सगळ्या."

मालियानं नवऱ्याकडे पाहिलं. तो पाठमोराच होता.

"आणि डबे," लेसिएली म्हणाली. "सगळे. पावसुद्धा. डुक्कर तेवढं राहू दे, ते आपल्या घरचं आहे."

मग हाला काकांनी मांडीवर हात मारला. "वा गं पोरी. झालीस बाई एकदाची आत्या." बायका हसल्या, टाळ्या पडल्या, आणि केपूची पाठ ताठ झाली. अशी मागणी साऱ्या गावात कोणी केली नव्हती. परवा रविवारी चर्चमध्ये हाच विषय निघणार होता. भावापासून दूर, बायकांच्या टोकाला बसलेली लुसेआने आत्या तेवढी हसली नाही. ती पंखा मांडीवर ठेवून भाचीकडे एकटक बघत राहिली.

सगळ्यांत आधी भानावर आली ती सेलू.

"अहो, पण मग उद्या पानात वाढू काय?"

हसणं थांबलं. केपूची मान हळूहळू वळली, बहिणीच्या दिशेनं, पण तिच्यापर्यंत नाही. "मालिया, विचार तिला. हे मान म्हणून घेतलं, की माझं नाक कापायला?"

या प्रश्नाचं खरं उत्तर तिथंच बसलं होतं, उजव्या पायावर चटई ओढून, आणि त्याच्यासमोर ते देता येत नव्हतं. लेसिएली म्हणाली, "मान म्हणून."

"मग मी सकाळी दुकानातून दुसरं आणतो. माझ्या लेकाचा वाढदिवस आहे. लोकांना पाला चारायचा नाही मला." तो उठायला लागला.

"खाली बस," तानिएला म्हणाला.

तो फार कमी बोलायचा, म्हणून सगळे ऐकायचे.

"या घरात आत्यानं मागितलं आणि मिळालं नाही, असं झालेलं नाही. दुकानातून आणलंस तर तेही ती मागेल." तानिएला उठला. उठताना त्यानं खांबाचा आधार घेतला आणि सगळ्यांनी नजर दुसरीकडे नेली. "पाहुण्यांना काय वाढू, म्हणता. माझी कोनफळांची कोठी काय ओस पडलीय? काहोकाहो काढतो. बघू कोण नाव ठेवतं."

काहोकाहो म्हणजे कोनफळांचा राजा. ती त्यानं सरदाराच्या भेटीसाठी राखली होती. सेलूचा हात तोंडावर गेला. तानिएला कोठीकडे निघाला, एक पाय टेकत, एक पाय वाचवत.

पेट्या ठेवायच्या कुठं, हा प्रश्न होता. लेसिएलीच्या घरी एवढा मोठा फ्रीज नव्हता. शेवटी त्या लुसेआने आत्याच्या मुलाच्या बर्फघरात गेल्या. तो मच्छीमार, त्याच्याकडे जागा होती.

पुरुष उमूसाठी, म्हणजे जमिनीतल्या भट्टीसाठी, खड्डा खणायला गेले, दगड तापायला लागले. लेसिएली स्वयंपाकघरात अळूच्या पानांचे देठ काढत होती. पलीकडे, पातळ फळीच्या भिंतीमागं, केपूचा आवाज आला. तो बायकोशी बोलत होता, पण आवाज भिंतीच्या अलीकडे पोचावा इतका चढा.

"थंडीत बोटं गोठवून घेतली मी तिकडे. या एका दिवसासाठी. आणि हिनं ट्रक भरून नेलं."

लेसिएलीनं पान खाली ठेवलं. "मालिया, सांग त्याला, तिकडचे लोक ते मांस स्वतः खात नाहीत. म्हणून ते इकडे येतं."

मग केपू म्हणाला, "तिला सांग, मला माहीत आहे. मीच ते पेट्यांत भरतो." आवाज आता खाली आला होता. "पण बाबा फोनवर म्हणाले होते, येताना सिपी आण. आजवर त्यांनी माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही."

लेसिएलीचे डोळे भरून आले. आपला भाऊ वाईट नाही, हे तिला माहीत होतं, पण तो इतका लहान आहे हे ती विसरली होती.

"मालिया, त्याला सांग, बाबांच्या पायाला जखम आहे. साखर उतरली नाही तर घोट्यापासून कापतील."

भिंतीपलीकडे बाळ काहीतरी बडबडलं. मालियानं निरोप पुन्हा सांगितला नाही, गरजच नव्हती.

"मला का नाही कळवलं?"

"कोण कळवणार? आई घाबरते, आत्याला बोलता येत नाही, मला तोंड नाही."

तो उठून गेला, असं पावलांवरून कळलं. थोड्या वेळानं मालिया दारात येऊन उभी राहिली. "ते उमूवर गेले, बाबांच्या हाताखाली. वन्सं, मी माझ्या माहेरी निरोप धाडलाय. सकाळी भाऊ होडी घेऊन येतील. ऑक्टोपस, शिंपले, समुद्राचं शेवाळ, जे असेल ते."

"तुझ्या माहेरच्यांना वाटेल, यांच्या घरी मांस नाही."

"वाटू दे. माझ्या बापाचा पाय असाच गेला. आम्हीही कोणी बोललो नव्हतो." मालियानं खाली बसून पानं पुढ्यात ओढली. "मी आहे तुमच्या बाजूनं. फक्त ह्यांना सांगू नका, मला तुमच्या दोघांमधली टपालपेटी राहायचंय."

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. पाद्री आला, त्याची बायको आली, मालियाच्या माहेरची माणसं अंगाला समुद्राचा वास घेऊन आली. वीलीला झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून मधोमध बसवलं आणि तो सगळ्यांकडे बघून कंटाळला. लेसिएली सगळ्यांच्या वर, दुहेरी चटयांवर, अवघडून बसली होती. मग झावळ्यांचे विणलेले, ताटाएवढे नव्हे, होडीएवढे लांब पोला समोर आले, आणि लोकांनी माना उंचावल्या.

एरवी पोलावर वर सिपी, त्याखाली डबे, आणि सगळ्यांत खाली कोनफळं दडपलेली. लोक वरचं खायचे आणि खालचं कुत्र्यांना जायचं. आज वरचं नव्हतंच. आज उमूतून निघालेली पांढरीशुभ्र काहोकाहो, हाताएवढाली, वाफ सोडत पडली होती. नीरफणस होते, रताळी होती, अळूच्या पानांत मासे नि बेताचं नारळाचं दूध बांधून भाजलेल्या लूच्या पुरचुंड्या होत्या, लिंबात मुरवलेला कच्चा मासा होता, हिरवंगार शेवाळ होतं, आणि मधून मधून खरपूस डुकराचे तुकडे. सेलू खांबाआड उभी होती. तिचे डोळे पाद्र्याच्या पहिल्या घासावर होते.

पाद्र्यानं कोनफळाचा तुकडा मोडला, चावला आणि डोळे मिटले. "तानिएला, हे तू आम्हाला दरवर्षी देतोस ते?"

"तेच."

"आमच्याकडे ते पानात येतं तेव्हा पन्नास पाहुणे असतात. मला आजवर चव कळलीच नव्हती."

"कळणार कशी," तानिएला म्हणाला, "तुम्ही त्यावर डब्यातलं मांस ओतता." लोक हसले. त्याला चेव आला. एरवी न बोलणारा माणूस, पण कंदांचा विषय निघाला की थांबायचा नाही. हे कुठल्या उतारावरचं, याला पाऊस किती सोसतो, नवं कोनफळ आणि मुरलेलं कोनफळ यांत फरक काय, कोणतं बाळंतिणीला द्यायचं, कोणतं दात नसलेल्या म्हाताऱ्याला. पाद्र्याची बायको लेसिएलीकडे झुकून म्हणाली, "बघ, तू दवाखान्यात सांगतेस तेच हे सांगतायत. तुझं ऐकून मला झोप येते. यांचं ऐकून भूक लागतेय."

"मी उपदेश करते. ते वाढतायत," लेसिएली म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आलं.

बोलता बोलता तानिएला जेवत होता. स्वतःच्या शेतातलं सगळ्यांत चांगलं कोनफळ तो कित्येक वर्षांनी खात होता. लूची एक पुरचुंडी संपली, त्यानं दुसरी ओढली. केपू स्वतः वाढत होता, आणि वडिलांपुढे मासा ठेवताना त्याचा हात जरा जास्त वेळ तिथं थांबला. मालियाचे भाऊ म्हणाले, असं जेवण आमच्या आजीच्या हातचं होतं. सेलू खांबाआडून बाहेर आली आणि अगदी सुरुवातीपासून आपणच हे ठरवलं होतं अशा थाटात पाहुण्यांना आग्रह करू लागली.

जेवणं उरकली आणि खरी पंचाईत तेव्हा झाली. लेसिएली चटईवरून उतरते न उतरते, तोच तिच्याभोवती बायका जमल्या. हातांत पिशव्या, घमेली, बादल्या. आत्यानं उचललं की आत्यानं वाटायचं, हीसुद्धा रीतच. तिनं काल फक्त घेण्याचा विचार केला होता. पुढचं डोक्यातच आलं नव्हतं.

"लेसिएली, आमचा वाटा कधी?"

"ट्रकभर आहे म्हणतात. एकेक पेटी तरी दे."

सगळे चेहरे ओळखीचे. निम्मे तिच्याच टेबलाशी सुई टोचून घेणारे. पुढं उभी होती फाकाओसीची बायको. फाकाओसीचा पाय मागच्याच वर्षी गेला होता आणि तो दारात खुर्चीवर बसून असायचा. "आमच्या ह्यांना सिपी भारी आवडते गं," ती म्हणाली. "आता दुसरं सुख काय राहिलंय त्यांना?"

नाही म्हणावं तर घराचं नाव गेलं, भावाचं नाव गेलं. हो म्हणावं तर बापाच्या ताटातून काढलेलं विष आपल्या हातानं गावाच्या ताटात वाढायचं. मांडवात तानिएलाही बोलायचा थांबला होता.

"लेसिएली." पलीकडच्या टोकाला लुसेआने आत्या उठून उभी राहिली होती. "मी तुझी कोण?"

"आत्या."

"मोठ्यानं सांग."

"माझी आत्या. बाबांची थोरली बहीण."

"मग ते सगळं मला हवंय. सिपी, डबे, पाव. मागितलं मी."

आत्याची आत्या. तिला नाही म्हणायची सोय या बेटावर कुणालाच नव्हती.

"तुमचंच आहे," ती कशीबशी म्हणाली.

बायकांचा घोळका घमेल्यांसकट लुसेआनेकडे वळला. "मग तुम्ही वाटा, आजी."

"वाटू कशाला? मी खाणार."

"एवढं सगळं?"

"एवढं सगळं. एकटी. दार लावून." मागून कोणीतरी 'हावरट म्हातारी' म्हणालं, तिनं ते ऐकलं आणि त्या दिशेनं मान डोलावली. "म्हणा की. या वयात नाव खराब व्हायला माझं उरलंय काय? भूक लागली तर घरी या, रताळी उकडून घालीन. सिपीचा तुकडा मिळायचा नाही."

पिशव्या कुरकुरत पांगल्या. लेसिएली आत्याला गाठून दबक्या आवाजात म्हणाली, "आत्या, अहो पण तुम्हालाही साखर आहे. तुम्ही हे खाल्लंत तर..."

"मला काय अक्कल नाही?" आत्यानं मुलाला बोटानं जवळ बोलावलं. "उद्या रविवार. सोमवारपासून खेकड्यांच्या सापळ्यांना दुसरं आमिष घ्यायचं नाही. हेच लावायचं, संपेपर्यंत. डबे तेवढे वादळाच्या दिवसांसाठी माळ्यावर टाक. पाव डुकरांना." मुलगा मान हलवून गेला. आत्या थोडी वाकली, कमरेची चटई सारखी केली. "पेट्या पहिल्यापासून मीच मागणार होते गं. पण माझ्या मानाला दोन-चार मिळाल्या असत्या, बाकीच्या राहिल्या असत्या. तू सगळ्या मागितल्यास. मला सुचलं नव्हतं ते."

"भावाला मला एक शब्द बोलता येत नाही," आत्या म्हणाली. तिचे डोळे मांडवाकडे होते, जिथं तानिएला पाठ करून बसला होता. "मागता तर येतं." आणि ती मागल्या वाटेनं निघून गेली, भावाला उठावं लागू नये म्हणून.

पाहुणे गेले, पुरुष मांडवाचे खांब उपसू लागले. केपू लेकाला खांद्यावर घेऊन वडिलांच्या शेतातली कोठी दाखवायला गेला. तानिएला चटईवर एकटाच होता. त्यानं लेसिएलीला हात केला. ती जाऊन खाली बसली, त्याच्या पातळीपेक्षा डोकं खाली ठेवून, रीतीप्रमाणे.

"तुमचा दवाखाना सोमवारी किती वाजता उघडतो?" तो म्हणाला. जणू दुसऱ्या कोणासाठी विचारत होता.

"आठ वाजता." "मी रजा घेते सोमवारी. टेबलाशी दुसरी नर्स बसेल. तुम्हाला अवघडायला नको."

तानिएलानं पायावरची चटई बाजूला केली आणि चिंधीची गाठ सोडू लागला. गाठ घट्ट बसली होती. लेसिएलीनं हात पुढे केला, तो मध्येच थांबला, मग त्यानंच पाय तिच्या बाजूला सरकवला. तिनं चिंधी उलगडली, पाला काढला. जखम खोल होती, वास होता, पण आतलं मांस लाल होतं. काळं पडलेलं कुठंच नव्हतं. तिनं दोनदा बघितलं.

"वाचेल," ती म्हणाली.

"रजा घेऊ नकोस."

"बरं."

"आणि तिथं मला बाबा म्हणू नको. बाकीच्यांना हाक मारतेस तशी नावानं मार. म्हणजे तू सांगशील ते मला ऐकता येईल."

लेसिएलीनं तोंड उघडलं. आयुष्यात तिनं ते नाव कधी उच्चारलं नव्हतं, प्रार्थनेतसुद्धा नाही. पहिलं अक्षर जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं.

तानिएलानं वाट पाहिली. मग तो म्हणाला, "राहू दे. सोमवारपर्यंत जमेल."